इतिवृत्तात 'सर्वानुमते' छापून आलंय, पण मी तर विरोध केला होता

प्राजक्ता_तापीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. इथे बरेच दिवस फक्त वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मी एका अनुदानित महाविद्यालयात भूगोल शिकवते, विभागप्रमुख आहे. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या भूगोल अभ्यास मंडळावर, म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीवर, निवडून आले. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कृपया कोणी अंदाजही बांधू नका.

गेल्या महिन्यात तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांचा अभ्यासक्रम मंजुरीला होता. बैठक साडेअकराची. ३८ पानांचा पिना मारलेला गठ्ठा हातात पडला तो अकरा-चाळीसला. चाळता चाळता दिसलं की २ श्रेयांकांचं टोपोशीट (सर्वेक्षण विभागाचा छापील तपशीलवार नकाशा) वाचन पूर्ण काढलंय आणि त्या जागी जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं काम) आणलंय. प्रात्यक्षिकाचे २ श्रेयांक म्हणजे ६० तास. माझ्या प्रयोगशाळेत संगणक १४, त्यातले चालू ५, वर्गात मुलं ४२. आणि आमच्या मुलांना समोच्चरेषा हाताने काढून कळतात हा माझा १९ वर्षांचा अनुभव. मी उभी राहिले आणि हे सगळं बोलले. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या आणखी एका सरांनी मान डोलावली. अध्यक्ष म्हणाले, "नोंद घेतो मॅडम." पुढचा विषय, मग जेवण.

काल इतिवृत्त ईमेलने आलं. "सविस्तर चर्चेअंती सदर अभ्यासक्रमास सर्वानुमते मान्यता देण्यात आली." माझं नाव फक्त उपस्थितांच्या यादीत.

रात्रभर झोप लागली नाही. उद्या माझ्याच वर्गातली मुलं विचारतील, मॅडम तुम्ही होतात ना मंडळावर? माझे दोन प्रश्न. हे दुरुस्त करून घेता येतं का? आणि आपल्या बोलण्याने कागदावर एक अक्षरही बदलणार नसेल, तर पहाटेची एसटी पकडून या बैठकांना जायचं कशासाठी?

वऱ्हाडी_मास्तर

जायचं. जाच लागते. तुमी नाई गेल्या तर ते 'सर्वानुमते' खरं होईन ना!

शुभदा_क

बाकी काही सांगता येणार नाही, पण धागा मनापासून लिहिलाय. वाचते आहे. वाचनखूण साठवली.

कच्चीवही

मॅडम, मी २७ वर्षं एका विद्यापीठाच्या सभा व दप्तर विभागात होतो, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. शेकडो इतिवृत्तं या हातांनी लिहिली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, प्रत्येक वेळी यात कोणाचा कावा असतोच असं नाही. बैठक चालू असताना विभागातला माणूस वहीत कच्ची टिपणं काढतो. त्याला विषय कळतोच असं नाही. टोपोशीट म्हणजे काय हे मला आज तुमच्या धाग्यावरून कळलं. मग मसुदा करायला तो मागच्या बैठकीची फाइल उघडतो, तारीख बदलतो, विषय बदलतो. "सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते" हे वाक्य तिथे आधीच टंकलेलं असतं. कोणी मुद्दाम सांगितलं नाही, तर ते तसंच पुढे जातं.

दुसरी गोष्ट, मुद्दाम बदललेलीही मी पाहिली आहेत. एकदा मला सांगण्यात आलं होतं की अमुक सदस्याचं वाक्य घेऊ नका, वाद वाढेल. मी घेतलं नाही. चार वर्षांनी त्याच विषयावर चौकशी लागली, तेव्हा तो सदस्य म्हणाला की मी तेव्हाच बोललो होतो, आणि त्याच्याकडे पुरावा नव्हता. माझ्या कच्च्या वहीत होता. ती वही घेऊन मी चौकशी समितीपुढे गेलो. उशीर झाला होता, पण गेलो. म्हणून हे नाव घेतलंय.

आता उपाय. तुम्हाला आलेलं इतिवृत्त अजून कायम झालेलं नाही. पुढच्या बैठकीत विषय क्रमांक १ असेल 'मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. तोवर ते दुरुस्त होऊ शकतं. आजच लेखी पत्र द्या, अध्यक्षांना एक आणि सभा विभागाला एक. पत्रात 'माझ्यावर अन्याय झाला' असं लिहू नका. मूळ वाक्य कोणतं आणि त्या जागी कोणतं वाक्य हवं, ते शब्दशः लिहा. आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. ईमेलही करा, पण शिक्का घ्याच.

सायली_द

एक भाबडा प्रश्न. 'सर्वानुमते' आणि 'एकमताने' यात फरक आहे का? की एकच?

कच्चीवही

चांगला प्रश्न. आमच्याकडे 'एकमताने' म्हणजे मत विचारलं आणि सगळी मतं एका बाजूला पडली. 'सर्वानुमते' म्हणजे मत घेतलं नाही, पण कोणाचा विरोध दिसला नाही. मतदान होऊन काही मतं विरोधात गेली तर 'बहुमताने'. मॅडम उभ्या राहून बोलल्यावर पहिले दोन्ही शब्द चालत नाहीत. व्यवहारात मात्र लोक कुठलाही शब्द कुठेही टाकतात.

नकाशेवाला

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मी पुण्यात जीआयएसच्या कामात १२ वर्षं आहे, मुलाखतीही घेतो. ग्रामीण भागातून भूगोल करून आलेली मुलं समोर बसतात तेव्हा वाईट वाटतं. समोच्चरेषा झकास सांगतात, पण शेपफाइल (जीआयएसमधली नकाशाची फाइल) उघडून दे म्हटलं की हात थांबतो. मंडळाने जीआयएस आणलं ते बरोबरच केलं. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या संगणकावरही चालतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या शीट २०१७ पासून ऑनलाइन उतरवून घेता येतात. ५ संगणक चालू आहेत ना? मग ५ गट करा.

मॅडम, तुमचा विरोध नोंदवला जायला हवा होता, शंभर टक्के. पण तो विरोध बरोबर होता का, हा वेगळा प्रश्न आहे.

प्राजक्ता_तापीकाठ

राग अजिबात नाही. उलट मला बैठकीत नेमकं हेच ऐकायचं होतं! तुम्ही हे चार वाक्यांत सांगितलंत. तिथे कोणी एक वाक्यही बोललं नाही. सगळ्यांना दीडच्या आत उठायचं होतं.

५ संगणकांवर ४२ मुलं म्हणजे एका संगणकामागे आठ. एक जण माउस धरतो, बाकी सात जण त्याच्या खांद्यावरून बघतात. ६० तास असं काढायचं? पण क्यूजीआयएस जुन्या संगणकावर चालतं हे मला माहीत नव्हतं. उद्याच बंद पडलेल्या नऊपैकी दोन उघडून बघते.

सह्याद्री_७७

मूळ रोग वेगळाच आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात अभ्यास मंडळावर विभागप्रमुखांतून निवडून आलेले तिघे आणि कुलगुरूंनी अधिष्ठात्यांशी (विद्याशाखेच्या प्रमुखांशी) सल्लामसलत करून नेमलेले सहा. तिघांनी कितीही कंठशोष केला तरी पलीकडे सहा बसलेले. अधिष्ठाताही १९९४ च्या कायद्यात विद्याशाखेतून निवडून यायचा, आता नियुक्त होतो. नेमलेला माणूस नेमणाऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलतो. हे माझं वैयक्तिक मत.

अभय_गो

सह्याद्री, तुमच्याशी सहमत नाही. मी स्वतः सहा नियुक्तांपैकी एक होतो आणि मला कधी कोणाचा फोन आला नाही. निवडणुका मी जवळून पाहिल्या आहेत. पॅनेल, जेवणावळी, 'यंदा आपल्या गटाचा', आणि विषयाचं कोणाला काही पडलेलं नाही. निवडून आलेले काही जण ५ वर्षांत दोनदा बैठकीला आले. १० वर्षांच्या अनुभवाची अट असलेला, विषयात काम केलेला माणूस नेमला तर बिघडलं काय? प्राजक्ता मॅडमच्या मंडळात नियुक्त सदस्य गप्प बसले, हा त्या माणसांचा दोष. त्याचं खापर नेमणुकीच्या पद्धतीवर का फोडता?

सह्याद्री_७७

अभय, तुमच्यासारखे नियुक्त असतात, ते मान्य. पण अपवादावर पद्धत उभी करता येत नाही.

माधवराव_पेठकर

हा वाद सव्वाशे वर्षं जुना आहे म्हणून थोडं अवांतर.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. तिथल्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा पहिल्या काही वर्षांतच बाहेर गेल्या. न्यायमूर्ती रानडे यांनी त्या परत आणाव्यात म्हणून वर्षानुवर्षं सिनेट आणि सिंडिकेटमध्ये (विद्यापीठाची अधिसभा आणि कार्यकारी समिती) खटपट केली. भाषणं, समित्या, अहवाल, पुन्हा नकार, पुन्हा अहवाल. १९०१ साली ते गेले आणि त्याच सुमारास एम.ए.ला मराठी आली. आज आपल्याकडे मराठी विषयाची अभ्यास मंडळं आहेत, त्यांच्या मुळाशी समितीत चिकाटीने बसलेला हा माणूस आहे.

पुढे १९०४ चा कर्झनसाहेबांचा विद्यापीठ कायदा आला. सिनेटचे फेलो, म्हणजे सदस्य, ५० ते १०० एवढेच, मुंबईला त्यातले निवडून येणारे २०, बाकी बहुतेक कुलपतींनी, म्हणजे गव्हर्नरने नेमलेले. केंद्रीय विधिमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याला जोरदार विरोध केला. कायदा झालाच. पण गोखल्यांचा विरोध कार्यवृत्तात शब्दशः छापलेला आहे. परक्या सरकारने छापला. आपल्या मंडळाने मॅडमचं एक वाक्य छापू नये याचं म्हणूनच फार वाईट वाटतं.

वऱ्हाडी_मास्तर

माधवराव, काय लिवलं हो! शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

मंदार_विस्कॉन्सिन

मी इथे एका सरकारी विद्यापीठात शिकवतो. तुलना म्हणून नाही, माहिती म्हणून लिहितो. अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेचं १९६६ चं एक निवेदन आहे. अभ्यासक्रम आणि शिकवण्याची पद्धत ही प्राथमिक जबाबदारी शिक्षकांची, असं त्यात म्हटलंय. आमच्या विभागाच्या बैठकीत हात वर करून मतं मोजतात आणि बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, हे तीन आकडे इतिवृत्तात येतात. मसुदा आठवडाभर आधी हातात असतो.

पण इथेही सगळं आलबेल आहे असं समजू नका. विस्कॉन्सिनमध्ये शिक्षकांचा हा वाटा राज्याच्या कायद्यातच लिहिलेला होता. २०१५ मध्ये अर्थसंकल्पाबरोबर कायदा बदलला आणि शिक्षकांची भूमिका सल्ल्यापुरती उरली. कागदावरचं संरक्षणसुद्धा एका अधिवेशनात जाऊ शकतं. तेव्हा आमच्याकडे लोक म्हणायला लागले होते, आता बैठकांना जायचं कशाला. जे जात राहिले त्यांच्यामुळे विभागांचा बराच कारभार अजून धडपणे चाललाय.

सुलक्षा_पेडणे

आमच्या गोव्यात आख्ख्या राज्याला एकच सरकारी विद्यापीठ, ताळगावच्या पठारावर. मंडळातल्या माणसाची संध्याकाळी मासळी बाजारात गाठ पडते. 'बाई, काल तुम्ही म्हणालात ते कागदावर कसं नाही?' असं मी एकदा बांगडे घेता घेता विचारून मोकळी झाले होते. दुरुस्त झालं! बांगडेही ताजे मिळाले.

प्राजक्ता_तापीकाठ

सुलक्षाताई, खूप दिवसांनी हसले. :)

रोहित_एम

बैठक ऑनलाइन असेल तर चॅटमध्ये 'माझा विरोध आहे' असं लिहून ठेवायचं. वेळेसकट नोंद राहते. करोनाच्या काळात आमच्या सरांनी तसंच केलं होतं.

अनामिक_तासिका

इतका वेळ वाचत होतो. लिहू की नको असं चाललं होतं.

मी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर, भूगोलच शिकवतो, आठवं वर्ष. दोन महाविद्यालयं, मधलं अंतर ३१ किलोमीटर, मोटारसायकलवर. तुम्ही मंजूर केलेला अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात शिकवणारे निम्म्याहून जास्त आम्हीच, निदान माझ्या दोन्ही महाविद्यालयांत तरी. आमचं नाव मतदार यादीत नाही, मंडळावर नाही, मसुद्यावर कोणी मत विचारत नाही. जून उजाडला की नवीन अभ्यासक्रम फोनवर पीडीएफ म्हणून येतो. कधी त्यातल्या पुस्तकाचं नाव चुकलेलं असतं, कधी ते पुस्तक मराठीत नसतंच. मुलं विचारतात, सर नोट्स द्या. रात्री जागून मी भाषांतर करून देतो. त्या तासांचं मानधन नसतं. त्याची तक्रार नाही, मुलांसाठी करतो.

निवडून आलेला बरा की नेमलेला बरा, हा वाद वाचताना वाटलं की दोघांनीही बैठकीला येण्याआधी एक फोन आम्हाला करावा. प्राजक्ता मॅडम, तुम्ही ४२ मुलं आणि ५ संगणक असं बोललात. आठ वर्षांत माझ्या प्रयोगशाळेचा आकडा विद्यापीठात कोणी उच्चारलेला नाही. म्हणून तुम्ही जाणं सोडू नका.

अभय_गो

तासिका, तुमचं लिहिणं मनाला लागलं. मंडळावर असताना मी असा फोन एकदाही केला नाही. करायला हवा होता.

नकाशेवाला

माझा पहिला प्रतिसाद थोडा एकांगी होता असं आता वाटतंय. एक सुचवू? टोपोशीट आणि जीआयएस यांचं वैर नाहीच. आमच्याकडे नव्या मुलाला पहिलं काम देतो ते टोपोशीट स्कॅन करून जिओरेफरन्स करायचं. म्हणजे शीटच्या कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश बघून ती संगणकावर जागेवर बसवायची. ज्याने कागदावर शीट वाचलेली असते तो ते तासाभरात शिकतो. ज्याने नाही, तो नुसती बटणं दाबत राहतो.

मग १ श्रेयांक टोपोशीट, १ श्रेयांक जीआयएस, ३० अधिक ३० तास का नको? अर्धी तुकडी टेबलावर शीट घेऊन, अर्धी संगणकावर. पुढच्या आठवड्यात उलट. ५ संगणकांवर २१ मुलं, म्हणजे एकावर चौघं. दोन संगणक दुरुस्त झाले तर तिघं.

प्राजक्ता_तापीकाठ

हे... हे बैठकीत व्हायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम होतं.

सह्याद्री_७७

त्याच कायद्यातल्या कलम १२(७) बद्दल कोणी बोललंच नाही. तातडी आहे असं दाखवून कुलगुरू स्वतःच्या अधिकारात निर्णय घेतात, नंतर प्राधिकरणासमोर नुसती माहिती येते. 'आयत्या वेळचे विषय' हा त्याचाच धाकटा भाऊ. महत्त्वाचे विषय नेमके तिथूनच येतात, छापील विषयपत्रिकेत नसतात.

माधवराव_पेठकर

घाईची किंमत काय पडते ते २०१७ मध्ये मुंबईत सगळ्यांनी पाहिलं. उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिकांची संगणकावरची तपासणी एकाच वेळी सगळ्या विद्याशाखांना लावली. ४५ दिवसांत लागायचे निकाल पावसाळाभर रेंगाळले, परदेशी आणि पुढच्या प्रवेशांना निघालेली मुलं अडकली, ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. पद्धत वाईट नव्हती. एखाद्या छोट्या विद्याशाखेत आधी करून बघू, एवढं म्हणायला आणि ते ऐकायला कोणीतरी हवं होतं.

सायली_द

धाग्याचा विषय भरकटतोय का? मॅडम, पत्र दिलंत का?

प्राजक्ता_तापीकाठ

दिलं. मसुदा खाली देते, चुकलं असेल तर सांगा.

"दिनांक … रोजी झालेल्या बैठकीच्या इतिवृत्तातील विषय क्र. ४ खालील 'सर्वानुमते मान्यता देण्यात आली' या वाक्याऐवजी पुढील वाक्य घ्यावे ही विनंती: 'संलग्न महाविद्यालयांतील संगणकांची उपलब्धता व टोपोशीट वाचनाची आवश्यकता लक्षात घेऊन एका सदस्याने या बदलास विरोध दर्शवला. उर्वरित सदस्यांनी मान्यता दिली.'"

कच्चीवही

पत्र उत्तम. एकच दुरुस्ती. 'एका सदस्याने' नको. स्वतःचं नाव घाला. नावाशिवायचा विरोध दहा वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडत नाही. आणि आवक क्रमांक?

प्राजक्ता_तापीकाठ

नाव घालून नवं पत्र दिलं. शिक्का घेतला. खिडकीतल्या ताईंनी विचारलं, "हे कशासाठी मॅडम?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं पत्र पहिल्यांदाच बघतेय."

*(पाच आठवड्यांनंतर)*

प्राजक्ता_तापीकाठ

धागा वर काढते आहे. परवा बैठक झाली.

आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला होता. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "पत्र वाचलं. त्या दिवशी मलाही तीनची गाडी होती, नीट ऐकलं नाही मी." एवढंच. मला बरं वाटलं.

विषय क्रमांक १ वर चाळीस मिनिटं गेली. एक जण म्हणाले, एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलात. मान डोलावणारे तालुक्याचे सर या वेळी बोलले. त्यांनी स्वतःच्या महाविद्यालयाचा आकडा सांगितला, चालू संगणक ३. मग आणखी दोघांनी आपापले सांगितले. ११ महाविद्यालयांचे आकडे मी बरोबर नेले होते, फोन करून गोळा केलेले. त्यातले सहा फोन तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना केले होते. इतिवृत्तात माझ्या नावासह दुरुस्ती झाली.

नकाशेवाला, तुमचा ३० अधिक ३० तासांचा प्रस्ताव मी मांडला. चर्चेत एक भर पडली, की जीआयएसच्या आधी टोपोशीट घ्यावं, मागाहून नको. दोघांचा विरोध राहिला, त्यांचीही नावं घातली. मी स्वतः सांगून घालून घेतली. आता तो विद्याशाखेकडे आणि पुढे विद्वत परिषदेकडे जाईल.

बंद संगणकांपैकी एक चालू झाला. दुसऱ्याच्या आत पालीची अंडी निघाली, तो अजून दुरुस्तीला आहे.

अनामिक_तासिका

मॅडम, तुमचा फोन आला तेव्हा मी रस्त्यात गाडी थांबवून आकडा सांगितला होता. ४ चालू. लिहून घेतलात ना?

प्राजक्ता_तापीकाठ

यादीत तिसरा आहे सर. इतिवृत्ताला जोडपत्र म्हणून ती यादी लावली आहे.

कच्चीवही

फार समाधान वाटलं. विद्वत परिषदेची विषयपत्रिका आली की आधी एक बघा. हा विषय छापलेला आहे, की आयत्या वेळच्या विषयांत ढकललाय?

प्राजक्ता_तापीकाठ

आजच आली. छापलेला आहे. विषय क्रमांक १७, पान ९.